मुगी मागे का राहिली?

मढच्या कोळीवाड्यातून एका आईचं पत्र आलंय. मे महिन्यात त्यांनी सासूबाईंच्या गावाहून, रोह्याकडून, एकाच कोंबडीखालची चार गावठी पिल्लं आणली. आता ती बारा आठवड्यांची आहेत. पत्रातला मुख्य भाग असा:

"ताई, चौघं एकाच दिवशी अंड्यातून निघाली, एकाच टोपलीतून आली, एकाच ताटात खातात. तिघं कशी टणटणीत झालीत. दोघांचे तुरे तर आताच लाल दिसायला लागलेत. मुगी मात्र कबुतराएवढीच राहिली. परवा मासळी तोलायच्या काट्यावर ठेवली तर ३८० ग्रॅम भरली. मोठा ७५०, दुसरा ७२०, तिसरी ५६०. खायला भात, पाव, उरलेली भाकरी आणि दुकानातून आणलेलं अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य. मुगी पळते, लेकीच्या खांद्यावर बसते, पण पाऊस लागला की पिसं फुलवून कोपऱ्यात उभी राहते. मधूनच तपकिरी, चिकट, फार वास मारणारी शीट टाकते. रक्त कधी दिसलं नाही. शेजारचे म्हणतात, हिच्यात दम नाही, श्रावण संपला की कापून टाका. ते ऐकल्यापासून लेक धड जेवत नाही. आमचं काही चुकलं का? आणि मुगी जगेल का?"

ताई, लेकीला आधी एवढं सांगा की मुगीला कापायचं कारण मला तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही. जे पिल्लू पळतंय, खांद्यावर चढतंय, माणसाच्या जवळ येतंय, त्याच्यात दम आहे. तिला कशाने तरी मागे धरलंय हे खरं. ते काय, हे शोधायला तुमच्या हातात वेळ आहे, आणि अर्धा शोध तुम्ही वजनं करून स्वतःच लावलाय.

ती वजनं पुन्हा एकदा बघा. ज्या दोघांचे तुरे बाराव्या आठवड्यातच लाल व्हायला लागलेत ते बहुतेक कोंबडे आहेत. नर पिल्लं माद्यांपेक्षा भराभर वाढतात आणि वजनानेही जास्त भरतात. त्यामुळे ७५० आणि ७२० हे आकडे मुगीच्या तुलनेतून काढून टाका. तिची तुलना करायचीच तर त्या एका बहिणीशी, ५६० वालीशी. फरक तरीही मोठा आहे, जवळजवळ एक तृतीयांश, पण रोज डोळ्यांसमोर जे दुप्पट अंतर दिसतं त्याने तुमचा जीव उगाच जास्त घाबरा झालाय. शिवाय एकाच कोंबडीखालची पिल्लं सारखी असतातच असं नाही. खेड्यात तीन-चार कोंबड्यांची अंडी एकीखाली बसवतात. नुकती अंडी घालू लागलेल्या तलंगीचं, म्हणजे तरुण कोंबडीचं, अंडं लहान असतं, आणि लहान अंड्यातून पिल्लूही लहानच निघतं. मुगी कदाचित जन्मापासूनच बारीक चणीची असेल.

म्हणून मला तिच्या भावंडांपेक्षा तिचाच मागच्या आठवड्याचा आकडा हवा. दर रविवारी सकाळी, खायला घालण्याआधी, तिला कापडी पिशवीत घालून त्याच काट्यावर ठेवा. पिशवीचं वजन वजा करा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हे काम लेकीकडे द्या. या वयाची गावठी तलंग आठवड्याला पन्नासेक ग्रॅम वाढत असेल तर ती भावंडांच्या मागे असली तरी वाटेला लागलीय. लागोपाठ दोन रविवार आकडा तिथेच राहिला, किंवा एकदाही खाली आला, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरकडे जायचं.

काट्याइतकाच हातही सांगतो. तिला मांडीवर घ्या आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोटं फिरवा. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर पोरगी लहान आहे पण उपाशी नाही. हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला टोचत असेल तर तिला अन्न मिळत नाहीये किंवा मिळालेलं अंगी लागत नाहीये. फुललेल्या पिसांमुळे हे डोळ्यांना कळत नाही, बोटांनाच कळतं. तसंच सकाळी, काही खायच्या आधी, गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही गोळा लागला, किंवा पाणी भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत लागून तोंडाला आंबूस वास आला, तर अन्न पुढे सरकत नाहीये आणि बाकी सगळ्या शक्यता त्यानंतरच्या.

आता ताटाकडे येऊ, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला चोच मारणार आणि कोण मुकाट सरकणार याची उतरंड पक्की ठरलेली असते. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे नावाच्या अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्या बघून बघून ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रात नोंदवली, पण कोंबड्या पाळणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ती आधीपासून ठाऊक होती. एक ताट आणि चार चोची असल्या की दोन कोंबडे आधी दाणा वेचणार, मग बहीण, आणि मुगीला उरणार ओला भात. 'एकाच ताटात खातात' असं तुम्ही मायेने लिहिलंत, पण मुगीच्या वाट्याला ते ताट येतच नसेल. उद्यापासून दोन ताटं आणि दोन पाण्याची भांडी ठेवा, एकमेकांपासून लांब, मध्ये आडोसा येईल अशी. त्याशिवाय सकाळी आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटं मुगीला एकटीला खायला घाला. दिवसभर मात्र तिला वेगळी कोंडू नका. एकटी पडलेली कोंबडी खाणं सोडते, आणि परत कळपात सोडली की उपऱ्यासारखा मार खाते.

ताटात काय आहे, यावर जरा थांबते. वाढत्या पिल्लाला पहिले आठेक आठवडे खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिनं लागतात, पुढे १५-१६. तांदळात ती सात-आठ टक्के असतात, पावात थोडी जास्त. म्हणजे मुगीचं पोट भरतं, अंग भरत नाही. तिचे भाऊ ताटाबाहेर किडे, गांडुळं, जाळ्यातून पडलेलं काही वेचून कमतरता भरून काढत असणार. मुगी पावसात कोपरा धरून उभी राहते, तिला तेही मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य चौघांनाही आजपासून बंद करा. अंड्याच्या कवचासाठी त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. अंडी न घालणाऱ्या पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकताना कोवळी मूत्रपिंडं खराब होतात आणि वाढ खुंटते. गोणीवर नीट वाचल्याशिवाय हे कळत नाही आणि दुकानदारही 'कोंबडीचं खाद्य' म्हणून तेच हातात देतो. 'आमचं काही चुकलं का' या तुमच्या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर इथे आहे: हो, हे चुकलं. पण ते माहीत नसल्यामुळे चुकलं आणि आज सुधारता येतं. दुकानात पिल्लांचं किंवा वाढीच्या वयाचं खाद्य मागा. गोणीवर चिक स्टार्टर किंवा ग्रोअर असं लिहिलेलं असतं. या वयाच्या पिल्लाला दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम पुरतं. मुगीला महिनाभर स्टार्टर द्या, बाकीच्यांना ग्रोअर चालेल.

मढमध्ये राहून तुमच्या दारात जे वाळत असतं ते विसरू नका. सुका जवळा ही कोंबडीसाठी प्रथिनांची खाण आहे. रोज चमचाभर, खाद्यात चुरून. अट एकच, तो मीठ न लावलेला हवा. खारवलेली मासळी पिल्लांना देऊ नका, त्यांच्या शरीराला जास्तीचं मीठ झेपत नाही. आणि या दिवसांत कुठलंही खाद्य आठ-दहा दिवसांपुरतंच आणा. श्रावणातल्या दमट हवेत मक्याला आणि भरड्याला बुरशी चटकन धरते. तिच्यातून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृत बिघडवतं आणि पिल्लांची वाढ थांबवतं. खाद्य उन्हात टाकून किंवा शिजवून ते जात नाही. गुठळी दिसली, कुबट वास आला की सगळं फेकून द्या. हिरवट डाग पडलेला पाव 'कोंबड्यांना घालू' म्हणून बाजूला ठेवायची सवय घरोघरी असते, ती मोडा.

दाणा आणि चारा खाणाऱ्या कोंबडीला बारीक खडेही लागतात. तिला दात नाहीत, पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत खड्यांवरच अन्न दळलं जातं. अंगणात फिरत असतील तर ते त्यांना मिळतात, दिवसभर पडवीत असतील तर वाटीभर धुतलेली जाड वाळू ठेवा.

आता त्या तपकिरी शिटेबद्दल. कोंबडीच्या आतड्याला दोन आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या, पिशव्या असतात. त्या रिकाम्या होताना आठ-दहा शिटांमागे एखादी मोहरीच्या चटणीसारखी, चिकट, घाण वासाची पडतेच. ती तब्येतीची खूण आहे. मला काळजी आहे ती न दिसणाऱ्या रोगाची. तुमच्याकडे त्याला रक्ती हगवण म्हणत असतील. आयमेरिया नावाचा सूक्ष्म परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो आणि ते अस्तर फाडतो. जोरात आला तर रक्त पडतं. सौम्य आला तर रक्ताचा थेंबही दिसत नाही, पिल्लू खातं पण खाल्लेलं शोषलं जात नाही, पाऊस पडला की पिसं फुलवून उभं राहतं. तुम्ही मुगीचं हुबेहूब हेच वर्णन केलंय. एकाच खुराड्यातली बाकीची तीन धडधाकट असणं याच्या आड येत नाही. थोडे थोडे परजीवी पोटात जाऊन अंगात प्रतिकार तयार होतो. अर्धपोटी मुगीला ते जमलं नसेल.

या रोगाचा एक कच्चा दुवा तुमच्या हातात आहे. विष्ठेतून पडलेली त्याची बीजं लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत ती पिकतात आणि मग रोग देतात. म्हणजे खुराडं रोज सकाळी झाडलं तर त्यांना पिकायला वेळच मिळत नाही. फिनेल ओतून हात झटकू नका, ही बीजं साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. कोरडेपणा आणि उकळतं पाणी त्यांना मारतं. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं पसरा, ओला झालेला रोज काढा, गळकं पाण्याचं भांडं बदला आणि भांडी विटेवर, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवा म्हणजे त्यांत शीट पडणार नाही. खुराड्यावरचं प्लास्टिक चारी बाजूंनी घट्ट गुंडाळलं असेल तर वरची एक पट्टी उघडी ठेवा. पाऊस आत नको, वारा मात्र हवा.

तरीही परजीवी आहे की नाही हे घरी कळणार नाही, आणि अंदाजाने औषध देऊ नका. हे मी ठासून सांगतेय, कारण त्याची किंमत मी बघितलीय. भांडुपला आमच्या चाळीत तळमजल्याच्या पडवीत मी चार-पाच कोंबड्या पाळायचे. त्यातली एक अशीच मागे राहिली. महिनाभर मी तिला वेगळा भरडा, उकडलेलं अंडं, हळद घातलेलं पाणी देत राहिले. वजन हलेना. शेवटी विष्ठा तपासली तेव्हा आतडं गोल जंतांनी भरलेलं निघालं. मी घातलेलं सगळं जंत खात होते. औषधाने ती सुधारली, पण तो एक महिना मी तिला उगाच झिजवलं याची चुटपुट अजून आहे.

तेव्हा विष्ठा तपासणीला वजन वाढायची वाट बघू नका, याच आठवड्यात करून घ्या. सकाळी पडलेली ताजी शीट, चौघांची थोडी थोडी आणि मुगीची वेगळी, झाकणाच्या डबीत घ्या आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारात जनावरांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. मढहून ते लांब पडतं हे मला कळतंय, फेरीबोट पकडून वर्सोवा, मग अंधेरीहून लोकल. त्यामुळे आधी मालाड-अंधेरीकडच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की पक्षी बघता का. अनेक दवाखाने फक्त कुत्र्या-मांजरांचे असतात आणि दारात जाऊन परत यावं लागतं. मुगीला न्यायचंच झालं तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुनं कापड घालून न्या. आयमेरियावर पाण्यातून द्यायचं औषध आहे, जंतांवरही आहे, आणि दोन्हींची मात्रा वजनावर ठरते. ७५० ग्रॅमच्या कोंबड्याची मात्रा ३८० ग्रॅमच्या मुगीला देऊन चालत नाही. घरातली माणसांची अँटिबायोटिक गोळी तर कुटून घालूच नका.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन गोष्टी घरीच बघून ठेवा. चोच समोरून बघा: वरची आणि खालची एकमेकांवर नीट बसते का, की कात्रीसारखी तिरकी झालीय? तिरकी चोच लहानपणी जाणवत नाही, वाढता वाढता वाढते आणि दाणा उचलताच येत नाही. मग चोच उघडून घसा बघा. आत पिवळट, दह्याच्या साक्यासारखे थर दिसले तर तो कबुतरांकडून, त्यांनी तोंड घातलेल्या पाण्यातून येणारा रोग असू शकतो. मुंबईत कबुतरांना अडवणं कठीण, पण पाण्याचं भांडं छपराखाली सरकवणं सोपं आहे. तुरा फिक्का, पांढुरका वाटला तर रात्री, सगळी झोपल्यावर, टॉर्च घेऊन खुराड्याच्या लाकडी फटी आणि बसायची काठी बघा. रक्त पिणारे लाल माइट दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येतात. दिवसा कोंबडी कितीही चाचपली तरी ते सापडत नाहीत.

एक शक्यता सांगताना मला जड जातंय, पण लपवणार नाही. मुगी लंगडायला लागली, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडून राहिली, किंवा एक पंख लोंबला, तर तो मरेक रोग असू शकतो. त्याची लस पिल्लू एका दिवसाचं असताना देतात आणि गावठी पिल्लांना ती सहसा मिळालेली नसते. झाल्यावर उपचार नाही. माणसाला तो होत नाही, तेव्हा लेकीसाठी भीती बाळगू नका. आज तुमच्या पत्रात त्याचं एकही लक्षण नाही. मान पिळवटणं, तोंड उघडून श्वास घेणं, हिरवी पातळ हगवण यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, आणि चौघांतलं कोणीही अचानक गेलं तर ते पिल्लू उघड्यावर न टाकता डॉक्टरांना कळवा.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस चौघांना दिलीय का हे तुम्ही लिहिलं नाहीत. दिली नसेल तर डॉक्टरांना विचारा, पण मुगी आधी सावरू दे, आजारी पक्ष्याला लस देत नाहीत. या लसीची अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि एकदा पातळ केली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोणी बाटली फोडत नाही. कोळीवाड्यात ज्यांच्या ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत त्यांनी मिळून एक दिवस ठरवला तर सगळ्यांचं काम होईल. 'दम नाही' म्हणणाऱ्या त्या शेजाऱ्यांनाही बोलवा, त्यांच्या कोंबड्यांनाही ती लागतेच.

लेकीला खरं तेच सांगा. खाद्य बदललं, पोटातलं दुखणं असेल ते निघालं, तर मुगी भरून येईल. कदाचित बहिणीएवढी कधीच होणार नाही. वाढीचे पहिले आठवडे हुकले की उंची आणि हाड पूर्णपणे भरून निघत नाही. अंडी ती उशिरा घालेल, आणि घालेल ती लहान असतील. पण लहान चणीची कोंबडी वर्षानुवर्षं मजेत जगते. आणि हो, मुगीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, तिचा पापा घ्यायचा नाही, एवढं लेकीकडून कबूल करून घ्या. कोंबडीच्या अंगावरून साल्मोनेलाचे जंतू पोटात जायला वेळ लागत नाही, आणि एकीला बरं करताना दुसरी आजारी पडायला नको.

पहिला आकडा या रविवारचा. चौथ्या रविवारी चारही आकडे आणि विष्ठेचा अहवाल मला लिहून पाठवा. लेकीच्या अक्षरात पाठवलेत तर जास्त आवडेल.